गोव्याला विचारलं, मग मांजरीला का नाही?

मांजरी : आपलं मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ रोजी इतर २२ गावांसोबत पुणे महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत संपली, तिच्याबरोबर ग्रामसभाही. कायद्याप्रमाणे हरकती-सूचना मागवल्या. पण 'जायचं की नाही' यावर गावात मतदान झालं नाही. कायद्यात तशी सोयच नाही.

स्वित्झर्लंडमध्ये सोय आहे. संसदेचा कायदा पटला नाही, तर १०० दिवसांत ५० हजार मतदारांच्या सह्या जमवायच्या. मग देशभर मतदान घ्यावंच लागतं. लोकांनाही सह्या करून एखादा विषय मतदानाला आणता येतो. मांजरी महापालिकेत गेली त्याच महिन्यात, १३ जून २०२१ ला, तिथे कृत्रिम कीटकनाशकांवर बंदी घालायची का, असं लोकांना विचारलं. शंभरातल्या साठहून जास्त जणांनी नको म्हटलं. बंदी आली नाही.

आपल्या देशात असं कधी झालंच नाही, असं नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यासाठी संसदेने खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल घेतला. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासितचं दोन पानं. भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, निवडून आलेले मुख्यमंत्री. तरी निकाल उलटा लागला. केंद्रशासितला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. म्हणजे नेता निवडून दिला म्हणून त्याचं प्रत्येक म्हणणं लोकांना मान्य असतंच असं नाही.

गावपातळीवर आपल्याकडेही एक नमुना आहे. दारूदुकान बंद करायला २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की गुप्त मतदान घेता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला पडली तर दुकान बंद. जी बाई घरी बसली, तिचं मत दुकानालाच गेल्यासारखं.

दारूच्या दुकानावर गावाचं मत चालतं, मग गावाच्या भवितव्यावर का नाही?

मतदान झालं असतं तर मांजरीने कदाचित 'हो'च म्हटलं असतं. पाणी, ड्रेनेज, रस्ते कोणाला नकोत? पण मत मागायला आलेल्यांना आधी विचारता आलं असतं : पट्टी किती वाढणार? पाणी कधी येणार?

शहराच्या कडेच्या गावांनी हा विषय वेळीच ग्रामसभेत घ्यावा, ठराव करावा. ठरावाने सरकार बांधलं जात नाही, पण गावाचं म्हणणं कागदावर राहतं. मांजरीत आता त्यासाठी ग्रामसभाच उरली नाही.