आधी नदी, मग होडी

आमचं सूस गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या गप्पांचे विषयही बदलले. आधी प्लॉट, मग सायकली, हल्ली होडी. दोघा-तिघांनी हवा भरायच्या होड्या मागवल्यात, एक जण मोटर बसवायच्या बेतात आहे. नांदे-म्हाळुंग्याकडे उतरलं की मुळा नदी, त्यामुळे हौस समजण्यासारखी आहे. फक्त जो तो ‘कुठली घेऊ?’ एवढंच विचारतो. कुठल्या पाण्यात उतरायचंय, हे कुणी विचारत नाही.

आपली मुळा वर्षभर एकसारखी नसते. वरच्या अंगाला असलेल्या मुळशी धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी कोकणात भिऱ्याला वळवलेलं आहे. त्यामुळे उन्हाळ्यात इथे पाणी कमी आणि सांडपाणी जास्त. पावसाळ्यात धरण भरलं की विसर्ग सुरू होतो. सूसमध्ये तेव्हा लख्ख ऊन असलं तरी नदी काही तासांत चढते. बातमीतला ‘क्युसेक’ म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन लाखांहून जास्त लिटर. अशा दिवशी होडी पार्किंगमध्येच बरी.

दुसरा धोका बंधाऱ्यांचा. वरच्या अंगाने येणाऱ्याला पुढे फक्त संथ पाण्याची सरळ रेघ दिसते. भिंतीवरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. त्या भोवऱ्यात लाइफ जॅकेटवाला पट्टीचा पोहणाराही अडकतो. म्हणून बंधारा बराच लांब असतानाच काठाला लागायचं आणि होडी उचलून पलीकडे न्यायची. जलपर्णी दिसली तर मोटर बंद करून वल्ही घ्यायची, नाहीतर देठं मोटरच्या पंख्यात गुंडाळतात.

आता सामान. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, आणि ते अंगात, बक्कल लावून. सीटखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर कुणाला सापडत नाही. एक जादा वल्हं, लांब दोर, पाणी उपसायला डबा, शिट्टी, मोबाइलसाठी जलरोधक पाकीट. तळाला बूच असेल तर ते काठावरच तपासायचं. मोटर असेल तर ती बंद पाडणारी दोरी मनगटाला हवी, म्हणजे चालवणारा पाण्यात पडला तर पंखा थांबतो. वाहत्या पाण्यात नांगर होडीच्या पुढच्या टोकालाच बांधावा. मागे बांधला तर धारेचा जोर मागच्या काठावर येतो आणि पाणी आत शिरतं. जाताना आधी धारेविरुद्ध वर जायचं. मोटर बिघडली, हात दमले, तरी परतताना नदीच मदत करते.

वाऱ्याला कमी लेखू नका. 21 मे 2024 रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती लोकांची रोजची वाट होती. वळवाच्या दिवसांत दुपार कलली की पाण्यावर राहू नये, आणि एवढंसंच तर पाणी आहे म्हणून आणखी दोन पाहुणे बसवू नयेत.

कागदपत्रंही लागतात. अंतर्देशीय जलयान कायदा 2021 प्रमाणे यांत्रिक होडीला नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा हवा. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे आहे. धरणाच्या जलाशयात उतरायचं तर जलसंपदा विभागाला आधी विचारायचं.

शिकायला पुण्यासारखी जागा नाही. संगमावर सीओईपीचा, म्हणजे पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, बोट क्लब आहे. आणि शिकायला लहानपणापासून पाण्याजवळ असावं लागतं असंही नाही. नौकानयनपटू दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावातला. सैन्यात आल्यावर त्याने वल्हं हातात घेतलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो तेरावा आला. त्याच्याइतकी मेहनत कुणी मागत नाही. पण एक हंगाम एखाद्या क्लबच्या होडीत, प्रशिक्षकाच्या नजरेखाली वल्हवा, उलटलेल्या होडीला धरून राहायला शिका. त्यानंतरही हौस टिकली तर खुशाल होडी घ्या. पैसे मोजायचे झाले, तर पहिले जॅकेटवर आणि शिकवणीवर. होडीची पाळी सगळ्यात शेवटी.