अजगराची चरबी आणि आपला अभाववर्ग

जोहान्सबर्ग येथील फॅराडे बाजार हा पारंपरिक औषधद्रव्यांचा मोठा बाजार आहे. तेथील मालाचे जे सर्वेक्षण २०११ साली प्रसिद्ध झाले, त्यात पृष्ठवंशीय प्राण्यांच्या १४७ जाती नोंदविल्या असून त्यांपैकी ३३ सरीसृपांच्या आहेत. टोगोची राजधानी लोमे येथील अकोदेसेवा बाजारात तर वाळविलेले सरडे, साप आणि मगरींची मस्तके उघड्यावर मांडलेली असतात.

हे वाचून नाक मुरडणाऱ्या वैद्यबंधूंना आम्ही चरकसंहितेच्या मांसवर्गाचे स्मरण देऊ इच्छितो. गोधेचा, म्हणजे घोरपडीचा, समावेश तेथे भूमिशय प्राण्यांत आहे आणि तिच्या मांसाचे गुणही सांगितले आहेत. सर्पविषयुक्त रसकल्प आपल्याच रसग्रंथांत आहेत. तेव्हा आफ्रिकी वैदूला रानटी ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही.

तथापि सहानुभूती म्हणजे समर्थन नव्हे. अजगराची चरबी सांधेदुखीवर लाविली जाते. परंतु एक अजगर मारला की पुढील कित्येक वर्षांची वीण संपते. मादी तीन-चार वर्षांची झाल्यावाचून अंडी घालत नाही आणि पुष्कळदा दरवर्षीही घालत नाही. वनस्पतीची साल जपून काढता येते. चरबी जिवंत प्राण्याकडून मिळत नाही. लोकवस्ती वाढून शहरी बाजार उभे राहिले, तेव्हा गावच्या वैदूची मूठभर गरज व्यापाऱ्याच्या पोत्यांत मोजली जाऊ लागली. आमच्या मते मूळ दुखणे हे आहे. परंपरेला दोष देऊन ते बरे होणार नाही.

येथे आपला अनुभव उपयोगी पडावा. भावप्रकाशाने अभावद्रव्यांना प्रतिनिधी सांगून ठेवले आहेत. कस्तुरी दुर्मीळ झाली, तेव्हा लताकस्तुरीकडे वळण्यास आपल्याला शास्त्राची आडकाठी आली नाही. दक्षिण आफ्रिकेतही वॉरबर्जिया वृक्षाच्या सालीऐवजी पाने वापरावीत, असा विचार अभ्यासकांनी मांडलेला आहे. मात्र सरीसृपांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. तेथील सांगोमाच्या दृष्टीने अजगर हे केवळ स्निग्ध द्रव्य नसून त्यात सामर्थ्य वसते. एरंडतेल त्याचा प्रतिनिधी होईल काय, हे तोच ठरवील. आपण दुरून सांगणे उद्धटपणाचे होईल.

आपल्या दुकानांपुरते मात्र आपण ठरवू शकतो. रस्त्याकडेला सांड्याचे तेल विकले जाते ते सर्वांना दिसतेच. 'हत्ताजोडी' या नावाने वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात घोरपडीचे जननेंद्रिय असते, हे २०१७ साली उघड झाले. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. औषधविक्रेत्यांनी घाऊक व्यापाऱ्याकडून असा माल घेऊ नये आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास तो कशाचा असतो हे स्पष्ट सांगावे, अशी आमची विनंती आहे.