शेळी जगली, तर डोंगर टिकेल

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पैनगंगा आणि कयाधू या नद्यांमधील या उंचसखल मुलखात आंध या वनवासी समाजाच्या वस्त्या आहेत. पावसाच्या भरवशावरील हलक्या जमिनीत वर्षभराची मीठभाकर पिकत नाही. अशा घराला आधार असतो तो दारच्या दोन-चार शेळ्यांचा. दवाखाना, शाळेचा खर्च, लेकीचे बाळंतपण, प्रत्येक अडचणीला बोकड विकला जातो, आणि बहुधा तेवढाच पैसा घरच्या माउलीच्या हाती पडतो. शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

शासनदरबारी मात्र या एका शेळीचे तीन तुकडे झाले आहेत. आदिवासी विकास विभागासाठी ती अनुदानाची बाब, पशुसंवर्धन विभागासाठी लसीकरणाचा आकडा आणि वनविभागासाठी रोपांचा शत्रू! वास्तविक हे तिन्ही प्रश्न एकाच दाव्याला बांधलेले आहेत. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचली नाही, तर कोवळ्या गवतावर तुटून पडलेली धडधाकट शेळी रात्रीतून दगावते. पीपीआरची साथ शिरली, तर दावणच रिकामी होते. काही मरणार हे गृहीत धरून शेळ्या जास्त पाळाव्या लागतात. त्या डोंगरावर मोकाट चरतात, डोंगर बोडका होतो, माती ओढ्याला लागते आणि पुढच्या वर्षी चाराही उरत नाही.

हे चक्र भेदता येते. पीपीआरच्या एका लसीचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. पण ती थंड पेटीतून वाडीपर्यंत वेळेवर पोहोचली पाहिजे. तेथे बचतगटातील प्रशिक्षित ‘पशुसखी’ मोलाची ठरते. आजाराची पहिली खूण ओळखून ती पशुवैद्यकाला कळवते, लसीच्या दिवशी वाडीतील शेळ्या एकत्र आणते. केंद्राने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘ए-हेल्प’ योजनेचे सूत्रही हेच आहे.

डोंगराच्या रक्षणाचा धडा हिवरे बाजारने १९९० नंतर घालून दिला. तेथे मोकाट चराई थांबली, पण गवत कापून नेण्याची मुभा राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही चराईचा हक्क आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकार, दोन्ही मान्य केले आहेत. कोणता उतार केव्हा राखायचा, हे ग्रामसभेने ठरवावे आणि त्या निर्णयात शेळी राखणाऱ्या भगिनींचा शब्द प्रमाण मानावा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे एकच वर्ष महिला शेतकऱ्यांचे आणि कुरणे व पशुपालकांचेही म्हणून घोषित केले. जगाला जो संबंध उमगला, तो आपल्या तीन कार्यालयांना का उमगू नये? किती शेळ्या वाटल्या, हा हिशेब आता पुरे. वर्षाअखेर त्यातील किती जगल्या आणि डोंगरावर किती गवत उरले, हा हिशेब तिघांनी मिळून मांडावा. समाजकार्यात उतरलेल्या कार्यकर्त्यांनीही तोच आग्रहाने मागावा. आपली वनवासी भगिनी दयेची याचक नाही. ती डोंगराची राखणदार आहे. तिची शेळी जगवणे, हाच डोंगर राखण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.