चाळणीला निकाल म्हणू नका!

शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटच्या एचआरचा फोन. "तुझी ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आहे, सोमवारी बॅज चालणार नाही." झालं, वीकांताचा बोऱ्या वाजला! मला एडीएचडी आहे. न्यूजर्सीतल्या डॉक्टरने लिहून दिलेलं अ‍ॅडरॉल दोन वर्षं घेतोय. पण कुठलं औषध घेतोस, हे विचारतंय कोण?

वर ऐकवतात, "मशीन खोटं बोलत नाही." अहो, पण मशीनला प्रश्न काय विचारलात? पहिली इम्युनोअ‍ॅसे चाचणी म्हणजे निव्वळ चाळणी. तिला रेणूची ढोबळ ठेवण कळते. म्हणून नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑनसुद्धा कधीकधी अ‍ॅम्फेटामाइन म्हणून त्यात अडकतं. सैल रेजेक्स लिहिल्यावर होतं तेच.

खरी ओळख पटते मास स्पेक्ट्रोमेट्रीत. अ‍ॅडरॉलवाल्याच्या लघवीत अ‍ॅम्फेटामाइन मिळतं, मेथ नाही. शरीर मेथचं अ‍ॅम्फेटामाइन करतं, उलटं करत नाही.

तेही पुरत नाही. मेथची दोन रूपं आहेत, डाव्या-उजव्या हातासारखी. उजवं नशेचं, डावं अमेरिकेत सर्दीच्या इनहेलरमध्ये असतं. दोन्ही वेगळी करायला खास कायरल चाचणी लागते. स्कॉटलंडचा स्कीपटू अ‍ॅलन बॅक्स्टर २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकला आणि याच इनहेलरपायी ते गमावून बसला. ब्रिटनमधल्या इनहेलरमध्ये ते द्रव्य नव्हतंच. लवादाने त्याचा प्रामाणिकपणा मान्य केला, पण पदक परत दिलं नाही. नियमात दोन्ही रूपं एकच!

आणि मंडळी, मुख्य मुद्दा पुढेच आहे. गोळी माझ्या बाटलीतली की मित्राकडून ढापलेली, हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. रेणू तोच! ते माणसाला विचारूनच कळतं. अमेरिकेत ट्रकचालक-वैमानिकांसाठी सरकारी नियमच आहे: पॉझिटिव्ह आलं की मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर आधी त्या माणसाशी बोलतो, मग मालकाला कळवतो. जो नियम विमान उडवणाऱ्याला, तो कोड लिहिणाऱ्याला का नको?

एच-१बीवर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. म्हणून सोमवारी औषधाची बाटली घेऊन रिसेप्शनवर उभा राहणार, आणि जो आजार आईलाही धड सांगितला नाही तो अनोळखी माणसाला सांगणार. एका डॉक्टरच्या एका फोनने हे टळलं असतं.

असो. नाही, या वेळी 'असो' नाही. चाळणीला निकाल म्हणणं आधी बंद करा.