पाणबदकांची बंदूक आणि पिकांची बंदूक

आपल्या जिल्ह्यातील काही तरुण शेतकऱ्यांकडून एकच पृच्छा निरनिराळ्या शब्दांत वारंवार आमच्या कानी येत आहे. ती अशी की, हिवाळ्यात तलावांवर उतरणाऱ्या बदकांसाठी नवी अर्धस्वयंचलित, म्हणजे लोक जिला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात तशी, बंदूक घ्यावयाची झाल्यास कोणती घ्यावी, आणि पीकसंरक्षणाच्या नावावर तिचा परवाना मिळेल काय. परदेशांतील शिकारीची चित्रे आता ज्याच्या त्याच्या हातातील फोनवर दिसू लागल्यामुळे ही हौस उत्पन्न झाली, हे उघड आहे. हौसेला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु ह्या पृच्छेत दोन अगदी भिन्न गोष्टींची गल्लत झालेली आहे, आणि तिचे फळ शेवटी ज्याच्या तुरीत रात्री डुकरे शिरतात त्या कास्तकाराला भोगावे लागते. सबब चार शब्द लिहिणे अवश्य वाटले.

प्रथम बदकांचा निकाल लावू. एकबुर्जीच्या जलाशयावर किंवा अडाण धरणाच्या पाण्यावर थंडीत थापट्या, तलवार बदक, चक्रवाक इत्यादी जे पाहुणे दिसतात, ते मध्य आशिया व सैबेरियाकडून येऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. हळदी-कुंकू बदक तेवढे आपल्याकडील रहिवासी. १९१२ च्या कायद्याने ह्या पक्ष्यांना विणीच्या हंगामापुरते अभय दिले होते. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही आरंभी परवाना काढून लहान शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय समूळ नाहीशी झाली. आज बदक मारण्याचा परवाना ह्या देशात कोणासही मिळत नाही. तेव्हा बदकांसाठी कोणती बंदूक उत्तम, ह्या प्रश्नास 'कोणतीही नाही' हेच उत्तर आहे. अपराध शाबीत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पक्षी पहिल्या अनुसूचीतील असल्यास शिक्षा याहून कडक. शिवाय न्यायालय शस्त्राचा परवाना रद्द करून पाच वर्षेपर्यंत नवीन परवान्यास अपात्र ठरवू शकते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

ज्या अमेरिकेतील चित्रे पाहून आमच्या तरुणांचे डोळे दिपले, तेथेही बंदूकवाल्यास मोकळे रान नाही. तेथे बदकाच्या शिकाऱ्यास १९३४ पासून सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते, व त्याचा पैसा पाणथळ जमिनी राखण्यात खर्च होतो. १९३५ पासून तीनांहून अधिक काडतुसे मावतील अशी बंदूक स्थलांतरी पाणपक्ष्यांवर चालविता येत नाही. मोठ्या कोठीची असल्यास आत खुंटी ठोकून जागा कमी करावी लागते. आणि १९९१ पासून बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे सर्व देशभर बंद आहेत. कारण चिखलात पडलेले छर्रे पक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषाने मरतात. म्हणजे बंदूक जसजशी शीघ्र झाली, तसतसा तिला लगाम घालणे त्यांनाही भाग पडले. आमच्याकडे मात्र लगाम वगळून केवळ घोडा पाहिला जातो.

आता बंदुकीविषयी. अर्धस्वयंचलित बंदूक ही काही कालची नवलाई नव्हे. ब्राउनिंग नामक अमेरिकन कारागिराच्या अशा बंदुका १९०२ च्या सुमारास बेल्जममधील कारखान्यात तयार होऊ लागल्या. बार उडाला की धक्क्याच्या जोरावर, व पुढील काही बनावटींत दारूच्या वायूच्या जोरावर, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व दुसरे भरलेले काडतूस आपोआप नळीत बसते. चाप पुन्हा ओढला की दुसरा बार. उडत्या थव्यावर हा गुण आहे. शेताच्या बांधावर तोच दोष होय. कारण एक बार झाल्यावर ही बंदूक रिकामी राहत नाही, तर मालकाच्या मनात असो वा नसो, भरलेलीच राहते. मध्यरात्री, झोपेच्या अमलात, ओल्या मचाणावरून खाली उतरणाऱ्या जागल्याच्या हातात असे हत्यार असावे, हे आम्हांस बिलकुल पसंत नाही. शेजारच्या शेतात दुसरा जागल्या निजलेला असतो, हे विसरता कामा नये. दुनळी किंवा एकनळी बंदूक मधोमध मोडली की ती भरली आहे की रिकामी हे कंदिलाच्या उजेडातही दिसते. कास्तकाराला हवे आहे ते हेच. त्यातून अर्धस्वयंचलित बंदूक सरकारी नियमांत साध्या दुनळीबरोबर गणलेली नाही, ती अधिक कडक वर्गात पडते. तेव्हा पीकसंरक्षणाच्या अर्जावर तिची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

पीकसंरक्षणासाठी कोणती बंदूक, हे कायद्यानेच सांगून ठेविले आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. परंतु त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे, ते आमच्या वाचकांनी पाठ करावे: परिस्थिती पाहता ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, वीस इंचांहून कमी नाही अशा गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना त्याला देता येतो. महसूल खात्याच्या नोकरीत आम्ही शेकडो अर्ज पाहिले. त्यांत ह्या परंतुकाचा आधार घेतलेला अर्ज क्वचितच आढळे. जो तो नुसती 'बंदूक मिळावी' अशी विनंती करतो. वास्तविक आमची मुख्य पिके पावसाळ्यात उभी असतात, आणि त्या दिवसांत ठासणीची दारू दमट होऊन ऐन वेळी बार फुसका जातो. एक बार गेल्यावर पुन्हा ठासीपर्यंत कळप दोन वाफे पुढे गेलेला असतो. हे कारण खरे आहे व लिहिण्याजोगे आहे.

तथापि परवाना हाती आला म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली, असे नव्हे. तो परवाना हत्यार बाळगण्याचा. रोही असो की रानडुक्कर, उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या जनावराला मारण्यास वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमान्वये अधिकृत वनाधिकाऱ्याचा सकारण लेखी हुकूम लागतो, आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता होते. बारीक छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होते. आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी सोंगणीस आलेल्या बायांच्या अंगावर धावून जाते. म्हणून बहुतेक रात्री हवेतील बार हाच खरा उपयोग. कारंजा तालुक्यातील बांधवांसाठी आणखी एक गोष्ट: कारंजा-सोहोळ अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यास नवा परवाना हवा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती आधी लागते. हे न कळल्यामुळे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात व दोष मात्र टेबलावरील कारकुनाला मिळतो.

ह्यावरून आमचा आक्षेप कोठे आहे, ते ध्यानी येईल. पिकाच्या परवान्यावर एकाने तलावावर जाऊन दोन बदके पाडली, की त्याच्या गावच्या पुढील दहा अर्जांवर पोलिसांचा शेरा प्रतिकूल येतो. कायद्यात तसे कोठे लिहिलेले नाही. पण दप्तरे अशीच चालतात. सोयाबीनला व तुरीला बदकांचा उपद्रव नाही, हे अधिकाऱ्यालाही समजते. एकाच्या हौसेसाठी दहा जणांची जागल वाढावी, हा कोणता न्याय?

उलट, आपल्या संस्थेने जिल्हाधिकाऱ्यांकडे भांडावे असे एक खरे गाऱ्हाणे आहे. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे जमा करण्याचे हुकूम निघतात. विधानसभेची निवडणूक २०१९ साली ऑक्टोबरात व २०२४ साली नोव्हेंबरात झाली. म्हणजे सोयाबीनची सुगी, उभी तूर आणि नुकताच उगवलेला हरभरा अशा मोक्याच्या वेळी. कोणाचे हत्यार ठेवून घ्यावयाचे हे छाननी समितीने एकेक प्रकरण पाहून ठरवावयाचे असते. परंतु सरसकट जमा करून घेणे सोपे पडते. ज्या परवानाधारकावर कोणताही गुन्हा नाही व ज्याच्या शेतात पीक उभे आहे, त्याला समितीने पिकापुरती सूट द्यावी, असा ठराव संस्थेच्या वार्षिक सभेत मांडला जावा. त्या ठरावास जोडण्यासाठी सभासदांनी आपल्या सातबाऱ्याचा उतारा, पीकपेऱ्याची नोंद आणि गेल्या तीन हंगामांतील नुकसानीच्या पंचनाम्यांच्या नकला तारीखवार लावून चिटणिसांकडे पोहोचत्या कराव्यात. पंचनामा झाला नसल्यास वनखात्याकडे केलेल्या तक्रारीची पोच चालेल. मात्र तीवर गट नंबर व पिकाचे नाव असावे.