जुन्या पीसीतली एसएसडी कॅशे: काढण्याआधी बंद करा, नाहीतर डेटा अडकेल!

2025 च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी पुन्हा महाग झाल्यात. एआय डेटा सेंटर्सकडून मेमरी चिप्सना प्रचंड मागणी आहे. मायक्रॉनने तर 3 डिसेंबर 2025 रोजी क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. साहजिकच 'नवीन काही नको, घरातला पीसीच दुरुस्त करू' असं अनेकांना वाटतंय. पण त्या पीसीत हार्ड डिस्कच्या जोडीला छोटी एसएसडी कॅशे म्हणून लावलेली असेल, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे वाचा.

कॅशे करते काय?

तुमच्या फोनमध्ये फिरणारी डिस्क नसते, म्हणून हा प्रश्न तिथे कधी आलाच नाही. पीसीतल्या 7200 आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरी मारायला साधारण 8 मिलिसेकंद घेते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स शोधाव्या लागतात आणि तिथेच सगळा वेळ जातो. यावर उपाय म्हणून वारंवार लागणाऱ्या फाइल्स एसएसडीवर ठेवायच्या, ही कॅशेची कल्पना. इंटेलने 2011 मध्ये झेड68 चिपसेटसोबत 'स्मार्ट रिस्पॉन्स' आणलं, 2017 मध्ये 16 आणि 32 जीबीची 'ऑप्टेन मेमरी'. नावातल्या 'मेमरी'मुळे कित्येकांना ती रॅमच वाटली! जुलै 2022 मध्ये इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळत असल्याचं सांगितलं. म्हणजे ज्या तंत्रज्ञानावर तुमचा पीसी चालतोय, त्याला आता वाली नाही.

खरा धोका कुठे आहे?

कॅशे दोन प्रकारे लिहिते. पहिल्या प्रकारात फाइल एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्हीवर एकाच वेळी लिहिली जाते. यात वेग थोडा कमी, पण डेटा सुरक्षित. दुसऱ्या प्रकारात फाइल आधी एसएसडीवर जाते आणि हार्ड डिस्कवर नंतर. ऑप्टेन अशीच चालते. मधल्या काळात एसएसडी काढली किंवा ती बिघडली, तर हार्ड डिस्कवरचा डेटा अर्धवट राहतो. कॉलेजचा प्रोजेक्ट, घरचे फोटो, सगळंच अडचणीत येतं.

पीसी अडकला तर काय कराल?

1. पीसी चालू होत असेल, तर सगळ्यात आधी बॅकअप घ्या. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर अजिबात उशीर नको.

2. अचानक निळी स्क्रीन आली आणि विंडोज सुरूच होईना? लगेच फॉरमॅट करू नका. जुन्या पीसीतला मदरबोर्डचा सेल संपला की बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात आणि साटा मोड 'आरएसटी' किंवा 'रेड'वरून 'एएचसीआय' होऊ शकतो. सेल बदला, मोड पूर्वीसारखा करा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम भागतं.

3. एसएसडी काढायची असेल, तर आधी इंटेलच्या रॅपिड स्टोरेज किंवा ऑप्टेन अ‍ॅपमध्ये जाऊन कॅशे 'डिसेबल' करा. काम पूर्ण होईपर्यंत थांबा, मध्येच पॉवर बंद करू नका. रीस्टार्ट करून विंडोज नीट चालतंय ना ते पाहा, मग पीसी बंद करून एसएसडी काढा.

मग कॅशे ठेवायची का?

सुरळीत चालत असेल आणि बॅकअप नियमित घेत असाल, तर घाई नाही. पण दुरुस्तीवर खर्च करणारच असाल, तर कॅशेवर करू नका. 16 जीबीच्या ऑप्टेनवर विंडोज 11 बसणारही नाही, त्याला किमान 64 जीबी लागतात. त्यापेक्षा 256 जीबीची साधी साटा एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओसाठी ठेवा. भाव चढले असले तरी हा पर्याय परवडतो, कारण दोन्ही ड्राइव्ह स्वतंत्र राहतात. एक बिघडली तरी दुसरीवरचा डेटा तुमच्या हातात असतो.