जुन्या पडद्याचा निरोप

संगणकाच्या पडद्यावर अक्षर उमटते कसे, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ते उमटते, एवढ्यावर आपले समाधान असते. परंतु लिनक्स या मुक्त प्रणालीच्या जगात गेली काही वर्षे याच प्रश्नावरून वाद माजला आहे. पडद्यावर चौकटी, चित्रे व अक्षरे रेखाटण्याचे काम तेथे 'एक्स' नावाची व्यवस्था करीत आली. १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत ती जन्मली आणि तिची अकरावी पिढी १९८७ पासून राबत आहे. तिची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी 'वेलँड' या नव्या व्यवस्थेचा आरंभ केला. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात निघालेल्या उबुंटू २५.१० आणि फेडोरा ४३ या दोन्ही वितरणांनी आपल्या मुख्य मांडणीतून एक्सचे सत्र काढून टाकले.

काढून टाकणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. एक्सच्या घरात खोल्यांना दारे नाहीत. एका कार्यक्रमात आपण टंकित केलेले दुसऱ्या कार्यक्रमाला सुखेनैव पाहता येते. ज्या काळी संगणक विद्यापीठाच्या कुंपणात होते त्या काळी ते खपून गेले. शिवाय दोन व्यवस्था एकाच वेळी सांभाळणे म्हणजे मोजक्या माणसांनी दोन संसार चालविणे. पण त्याच उघड्या दारांतून काही भली मंडळीही ये-जा करीत होती. अंधांना पडदा वाचून दाखविणारी साधने अशाच मार्गाने काम करीत. नव्या घरात त्यांच्यासाठी वाट निराळी बांधावी लागली. ती पुरती बांधून होण्याआधीच जुने दार लावू नये, अशी विरोधकांची तक्रार आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे.

तथापि एका गोष्टीचे श्रेय या मंडळींना दिले पाहिजे. त्यांनी 'एक्सवेलँड' नावाचा सेतू उभारला, ज्यावरून जुने बहुतेक कार्यक्रम नव्या व्यवस्थेतही चालतात. आणि ज्याला घाई नाही त्याला उबुंटू २४.०४ वर २०२९ पर्यंत जुने सत्र वापरता येईल. म्हणजे नवे घडविणे थांबले, तरी जुने वाचणे थांबलेले नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मराठी माणसाला हा भेद एकदा फार महागात पडलेला आहे.

ती गोष्ट मोडीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकविली जात होती. ती सोडण्याचा निर्णय मला अयोग्य वाटत नाही. छपाईला बाळबोध सोपी होती. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळला जात नसे. परंतु लिहिणे सोडताना वाचणेही सुटले. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे आमच्या भागातील जुन्या घरांच्या पेट्यांत मोडीतील खरेदीखते अजून सापडतात. नातवाला मराठी येते, पणजोबांचे मराठी येत नाही. युनिकोडने २०१४ मध्ये मोडीला स्वतंत्र स्थान दिले खरे, पण वाचणारा शोधायला अजूनही दारोदार फिरावे लागते.

आज हीच वेळ आपल्या संगणकी मराठीवर आली आहे. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती या जुन्या फाँटांतून आपल्याकडे गेली कित्येक वर्षे लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका जुळविल्या गेल्या. या पद्धतीत पडद्यावर देवनागरी दिसते, पण यंत्राच्या पोटात असते रोमन. कृतिदेवातील 'कर' हा शब्द यंत्राच्या लेखी 'डी' आणि 'जे' एवढाच आहे. फाँट गेला की मराठी गेली. उरते ती अक्षरांची भेळ. सीमाभागात ही अडचण दुप्पट होते. येथे एका पानावर मराठी व कन्नड शेजारी नांदतात, आणि कन्नडचेही 'नुडी'सारख्या साधनांतील तसेच जुने लेखन आहे. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांना १९९१ पासून आपापली जागा आहे, त्यामुळे एकाच ओळीत दोन्ही सुखाने राहू शकतात. (माणसांना हे जमले असते तर किती बरे झाले असते!)

तेव्हा नवे लेखन जुन्या फाँटांत करणे आजच बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जुन्या फायली आणि त्या उघडणारा जुना संगणक इतक्यात भंगारात देऊ नये. एखाद्या ग्रंथालयाचा वीस वर्षांपूर्वीचा अहवाल, मंडळाच्या संस्थापकांची चरित्रे, कुलवृत्तान्त, हे सारे कोणत्या फायलीत व कोणत्या फाँटात आहे याची यादी संस्थांनी करावी. ज्याने तो मजकूर जुळविला तो डी.टी.पी. कारागीर अजून गावात असेल तर त्याला आधी बोलवावे. कोणता फाँट, कोणती आवृत्ती, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

परिवर्तन करणारी साधने उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये नंतर. ती सरकविताना जोडाक्षरांत घोटाळे होतात. रफाराचेही तेच. आणि मराठीचा खास 'ऱ्य' तर हिंदीसाठी घडविलेल्या साधनांना नीट उमगतच नाही. त्यामुळे मुद्रितशोधकाने एक एक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे. नाहीतर गावजेवणाच्या वृत्तान्तात 'आचाऱ्याला दक्षिणा दिली' याचे 'आचार्याला दक्षिणा दिली' होऊन बसेल, आणि दोघांपैकी कोणाला दिली हे सांगणारे त्या वेळी कोणी उरलेले नसेल.